ट्रायलची गाडी आणि उद्यमनगरचा बोअर

जुनी ट्रायल मोटरसायकल कमी पैशांत उभी करायची असेल, तर रंगाचा डबा सगळ्यात शेवटी विकत घ्यावा. जमलं तर घेऊच नये. मी इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला, आमच्या घरामागच्या लाकडी शेडमध्ये यामाहा टीवाय १७५ पुन्हा चालती केली. गाडी धरून सगळा खर्च दोन हजार पौंडांच्या आत बसला. त्यातला रंगावर गेलेला पैसा एका कुटुंबाच्या साध्या जेवणाएवढाही नसेल. बाकीचा सगळा पैसा जिथं कुणाची नजर जात नाही तिथं गेला: सील, बेअरिंग, बुश, पिस्टन, टायर.

ट्रायल ही शर्यत नव्हे. ओढ्यातले दगड, झाडांची मुळं, चिखलाचा चढ, असा काही मीटरचा तुकडा खुणा लावून आखलेला असतो. त्यातून चालत्या माणसाच्या वेगानं गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढं कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी आडवी झाली किंवा खुणांबाहेर गेली तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. त्यामुळं या गाड्यांना वेग नको असतो. नव्वद किलोंच्या आतबाहेर वजन, इंजिन संथ चालतं ठेवणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, अगदी खालचे गिअर आणि नावापुरती सीट, कारण बसायचंच नसतं. आणि गाडी पडणार हे गृहीत असतं. ज्या टाकीवर मी आठवडाभर लॅकर मारत बसेन, तिला पहिल्याच रविवारी यॉर्कशरचा खरबरीत दगड लागणार असेल, तर लॅकर कशाला मारायचा?

टीवायच का घेतली, याचं उत्तर सरळ आहे. मनात बुलटॅको शेर्पा होती. सॅमी मिलर या नामवंत स्वारानं १९६५ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा, स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल, जिंकली ती याच स्पॅनिश टू-स्ट्रोकवर, आणि ब्रिटिश फोर-स्ट्रोकचं राज्य तिथून उतरणीला लागलं. पण शेर्पाच्या मागं आता भावना आणि किंमत दोन्ही चढलेल्या. ओसा ही दुसरी स्पॅनिश गाडी त्याहून अवघड. ओसावर १९७०, ७१ आणि ७२ अशी सलग तीन वर्षं तीच स्पर्धा जिंकणाऱ्या मिक अँड्र्यूज यांना यामाहानं आपल्याकडं घेतलं, त्यांच्या हातून टीवाय घडवून घेतली, आणि १९७४ व ७५ साली ते यामाहावरही जिंकले. टीवाय १७५ ही त्यातली धाकटी. पुष्कळ विकली गेली, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. शिवाय कोल्हापुरात आरएक्स १०० उघडत-जोडत मोठा झालेल्या माणसाला हे इंजिन परकं वाटत नाही. तोच मिकुनी कार्बोरेटर, तीच रीड व्हॉल्व्ह, तोच ऑइल पंप.

गाडी मिळाली एका मेंढपाळाच्या गोठ्यात. कागदपत्रं नव्हती, म्हणून स्वस्त. आमच्याकडच्या बऱ्याच ट्रायल खासगी रानात होतात, रस्त्यावर गाडी आणावी लागत नाही, त्यामुळं मला कागद नसल्याचं फारसं वाटलं नाही. चोरीची नाही ना, हे फ्रेम नंबरवरून बघून घेतलं आणि मालकाकडून सही केलेली पावती घेतली. मी बघत होतो ते एवढंच की गाडी पुरी आहे का. इंजिन जाम असलं तर चालतं, टाकी गंजलेली असली तर चालतं, पण साइलेन्सर, चेनचा टेन्शनर, एअरबॉक्स, किकचा दांडा हे सगळं जागेवर पाहिजे. खोक्यांत भरलेली अर्धी गाडी दोनशे पौंड स्वस्त मिळते आणि पुढं ते दोनशे पौंड तीन-चार पटींनी वसूल करते. गोठ्यातली ही गाडी पुरी होती. किक मारली तर पाय वरच राहिला, इतकी जाम. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, घासाघीस करायला मुद्दा मिळाला.

उघडायला सुरुवात केली की जपानी गाडी पहिला इंगा दाखवते ती स्क्रूंनी. केसिंगचे स्क्रू दिसायला साधे चौफुलीचे, पण जपानी मापाची ती खाच नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरला पुरी बसत नाही. टोक वर चढतं आणि डोकं गुळगुळीत होतं. त्या मापाचं बिट लावलेला, हातोडीचा ठोका देऊन फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. या कामासाठी विकत घेतलेल्या हत्यारांत सगळ्यात लवकर पैसे फेडले ते त्यानंच. दुसरं हत्यार म्हणजे फ्लायव्हील काढायचा पुलर. तो नसेल तर लोक फ्लायव्हीलवर हातोडी चालवतात, आणि मग क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचं, टोक, कॉइल आणि पाकीट तिन्ही बसतात.

सिलिंडरमध्ये डिझेल आणि गंज सोडवणारं तेल ओतून ठेवलं होतं. रोज थोडं डोकावून यायचं, लाकडाच्या ठोकळ्यानं पिस्टनला टपली मारायची. शेवटी सुटला, पण अंगावर उभे ओरखडे घेऊन. बोअर करावा लागणार, म्हणजे सिलिंडर आतून कातून थोडा मोठा करावा लागणार, हे तिथंच कळलं. मला खरी भीती क्रँकची होती. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघितला, खडखड नाही. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. क्रँक उघडून नवा बेअरिंग-पिन-रॉड घालायची वेळ आली असती तर बजेट तिथंच मोडलं असतं. ती वाचली, म्हणून बाकीच्यावर सढळ हात ठेवता आला.

सढळ म्हणजे सीलवर. टू-स्ट्रोक इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं की क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील वाळतात. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन किंचाळत राहतं आणि एक दिवस पिस्टन धरतं. क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पितं आणि मागं पांढरा धूर. लोक दोन्ही वेळा कार्बोरेटरला शिव्या देत बसतात. जुनी टू-स्ट्रोक घेतली की चालत असली तरी ही दोन सील बदलायची, यात मला दुमत ऐकायचं नाही. ही सील मी चांगल्या प्रतीची घेतली. चाकांची बेअरिंग मात्र यामाहाच्या डबीतली घेतली नाहीत. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं. साध्या सीलचंही तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी हे तीन आकडे सांगितले की झालं. गाडीचं नाव घेतलं की किंमत वाढते, आकडे सांगितले की वाढत नाही.

क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या धातूच्या पेटीत, नवी बेअरिंग ठोकून बसवायची नसतात. केस तापवायची, बेअरिंग गार करायची, मग ते आपल्या वजनानं जागेवर जातं. बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवली, ती कुणाच्या लक्षात आली नाहीत. केस ओव्हनमध्ये ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र घरात सभा भरली. मी ती गरम पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं तीनदा धुतली असल्याचं सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘माझ्या ओव्हनमध्ये काय जातं ते मी ठरवणार. तू त्या गाडीला बाहेर स्वतःचा ओव्हन घेऊन दे.’’ कुणीतरी टाकून दिलेला छोटा टेबलावरचा ओव्हन मिळाला, तो अजून शेडमध्ये आहे. शंभर अंशांच्या थोडं वर तापलेली केस हातमोजे घालून फळीवर ठेवली, बेअरिंग सोडलं आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. आवाज झाला म्हणजे ते तळाला बसलं. नाही झाला तर घाईनं दाबायचं, कारण तुमच्याकडं काही सेकंदच असतात.

गंजाचा बंदोबस्त तर जवळजवळ फुकटात झाला. स्टँड, फुटरेस्ट, ब्रेकचे दांडे यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि जुना बॅटरी चार्जर. उणे टोक गंजलेल्या भागाला, अधिक टोक टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. रात्रभर फेस येतो आणि सकाळी गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नये, सोडा तो खाऊन टाकतो. आणि हे उघड्यावर करावं, कारण फेसातून हायड्रोजन सुटतो. टाकीच्या आत सायट्रिक ॲसिडचं पाणी आणि मूठभर नट टाकून ती हलवत बसलो. साइलेन्सरमध्ये मागच्या मालकांनी जाळलेल्या ऑइलची एवढी काजळी साठली होती की फुंकर पलीकडं जाईना. तिथं कॉस्टिक सोडा वापरला, चष्मा आणि लांब हातमोजे घालूनच.

आता बोअर. इथं बोअर करून देणारे आहेत, काम उत्तम करतात, पण महिनाभराची रांग आणि त्यांच्या तासाचा दर. मागचं चाक धरणाऱ्या काट्याच्या बुशांसाठी, म्हणजे तो ज्यांच्यावर हलतो त्या धातूच्या कड्यांसाठी, विचारलं तर आकडा ऐकून मी आभार मानले आणि बाहेर आलो. नेमकं त्याच वेळी कोल्हापूरला जाणं ठरलं होतं. माझ्या मामांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. त्या भागात ओतकाम, लेथ, बोअरिंग यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि माझ्या लहानपणी तिथं येझदी, राजदूत आणि आरएक्सचे सिलिंडर ओळीनं बोअरला लागलेले असायचे. मी नवा ओव्हरसाइज पिस्टन आधी मागवला, कारण बोअर पिस्टनच्या मापानं करायचा असतो, पिस्टन बोअरच्या मापानं शोधायचा नसतो. पिस्टन, सिलिंडर आणि काट्याची पिन गरम पाण्यानं, मग डीग्रीझरनं, मग पुन्हा साबणानं धुतली. पेट्रोलचा वास येणारा भाग विमानात चालत नाही. सगळं टॉवेलात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.

मामांनी सिलिंडर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘ही कुठली रं? आरएक्सपेक्षा मोठी हाय.’’

‘‘यामाहाच आहे, मामा. एकशे एकाहत्तर सीसी. डोंगरात चढायची गाडी.’’

ट्रायल काय असते ते सांगितलं. पाय टेकला की गुण चढतात, हे ऐकून दुकानातली पोरं हसायला लागली. मग मी बुलेटचं सांगितलं. १९४८ साली इंग्लंडमध्ये कोलमोर कप नावाची ट्रायल झाली, तिच्यात रॉयल एनफिल्डनं मागं शॉकॲब्सॉर्बर असलेली बुलेट पहिल्यांदा उतरवली. तेव्हा बाकीच्यांची मागची चाकं कडक असायची. पुढं जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवर ट्रायल गाजवल्या, आणि २०१९ मध्ये कंपनीनं आपल्याकडं बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेल काढलं ते त्याचीच आठवण म्हणून. मामा म्हणाले, ‘‘म्हंजे आपली बुलेट आधी इंग्लंडात चिखल तुडवून आली. मग ठीकाय, बोअर करू तुझी.’’

बोअरिंग मशीनचं काम झालं, आतली भिंत दगडानं घासून सारखी करायचं होनिंग झालं, आणि मग जे मामांनी केलं ते बघण्यासाठी मी तासभर स्टुलावर बसून होतो. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात. आत यायच्या, बाहेर जायच्या. नव्या बोअरनंतर त्या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग वर-खाली जाताना खिडकीपाशी किंचित बाहेर फुगते, आणि धारेला अडकली की मोडते. मामांनी एक जुनी अर्धगोल कानस घेतली, तिचं टोक घासून बारीक केलेलं. सिलिंडर उजेडाकडं धरला. आत हात घालून प्रत्येक खिडकीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर ती अशी हलकी फिरवली की लोखंडाचा भुगा दिसू नये, पण बोट फिरवलं तर कड लागू नये. मग पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून पुन्हा तेच. एक्झॉस्टच्या खिडकीला जास्त वेळ दिला. ‘‘हितं रिंग मरती,’’ एवढंच म्हणाले. मग पिस्टन स्वच्छ पुसून उलटा सिलिंडरमध्ये सोडला. तो आपल्याआप, पण घाई न करता, तळाकडं निघाला. बोअर गेज लावून पिस्टन आणि भिंतीमधली फट बघितली, ती थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. ‘‘दीड थाऊ. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला एवढं पायजेच. कुणी घट्ट दिला म्हणून खूश व्हायचं नाही.’’ पैसे विचारले तर हात झटकला. नंतर मामींनी सांगितलं म्हणून दुकानातल्या पोरांना जेवायला घातलं, तेवढंच.

बुश त्यांनी गनमेटलचे कातून दिले. मूळचे झिजून अंडाकृती झाले होते, त्यामुळं मागचं चाक हातानं ढकललं तर डावी-उजवीकडं बोटभर हलायचं. नवे बुश थोडे मोठे ठेवले, काट्यात दाबून बसवल्यावर ते आकसतात म्हणून रीमर या भोक तासायच्या हत्यारानं शेवटचं माप मी इथं लीड्सला आणलं. आणि मामांनी न सांगता केलेली गोष्ट म्हणजे आत ग्रीससाठी खोबणी. मूळच्या बुशांत ती नव्हती.

परत आल्यावर जोडणी पटापट झाली. एक गोष्ट सांगून ठेवतो, इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा ऑइल पंप मी काढून त्या जागी पट्टी बसवली आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो, पाच लिटरला शंभर मिली. पन्नास वर्षांच्या पंपावर नव्या पिस्टनचा जीव टांगायची माझी तयारी नव्हती. पेट्रोलही महागातलं घेतो. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. शेर्पावाल्यांचं दुःख आणखी मोठं. त्यांच्या फायबरग्लासच्या टाक्या इथेनॉलनं मऊ पडतात आणि विरघळलेली राळ कार्बोरेटरमध्ये जाऊन बसते.

ठिणगीचं टायमिंग लावायला डायल गेज पाहिजे, तो स्वस्तातला घेतला. प्लगच्या भोकातून पिस्टन कुठं आहे ते तो सांगतो. पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारी धातूची जोडी, नेमके कधी उघडतात हे कळायला मात्र मामांची युक्ती: सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या चिमटीत धरायचा, हलका ताण द्यायचा आणि फ्लायव्हील हळू फिरवायचं. कागद सुटला तो क्षण. मी सिगारेट ओढत नाही, म्हणून शेजारच्या आजोबांकडं कागद मागायला गेलो. ते तसेच उठून शेडमध्ये आले, कारण त्यांनी तरुणपणी बीएसए बँटम या जुन्या ब्रिटिश गाडीचे पॉइंट असेच लावले होते. तिसऱ्या-चौथ्या किकला गाडी फुटफुटली, धूर केला आणि मग त्या जड फ्लायव्हीलच्या जोरावर इतकी संथ चालू राहिली की प्रत्येक ठोका मोजता यावा. आजोबा म्हणाले, ‘‘दॅटल डू, लॅड,’’ म्हणजे ‘चालेल, पोरा’. यॉर्कशरच्या माणसाकडून यापेक्षा जास्त कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

टायरवर काटकसर केली नाही. ट्रायलचा टायर मऊ रबराचा असतो आणि मागच्या टायरमध्ये हवा फक्त चार-पाच पीएसआय. आपल्याकडं स्कूटरच्या टायरला इतकी हवा राहिली तर आपण पंक्चरवाला शोधू. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर फिरू नये म्हणून रिमलॉक लावावे लागतात, नाहीतर ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून निघतो. मागचे शॉकॲब्सॉर्बरही नवे घेतले. फ्रेमवर काळा रंग ब्रशनं मारला. सीट फाटकी होती, ती तशीच आहे. टाकीवरचा पोचाही आहे.

पहिल्या ट्रायलला मी ट्विनशॉकवाल्यांत, म्हणजे मागं दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या जुन्या गाड्यांच्या गटात, सोप्या मार्गावर उतरलो. पहिल्या तुकड्यात ओढा ओलांडून चढ होता. ओढा निभावला, चढावर गाडीनं काही कमी केलं नाही, मीच मागच्या मागं कोसळलो. पाच गुण. दिवसभरात माझे गुण इतके झाले की ते इथं देत नाही. गाडी मात्र दिवसभर एकदाही रुसली नाही, आणि संध्याकाळी पुढच्या एका फोर्कचं सील गळायला लागलं, जे मी ‘चालतंय की’ म्हणून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत एका शेर्पावाल्यानं माझं मागचं चाक धरून हलवून बघितलं. हललं नाही. त्यानं बुश कुठून आणले विचारलं, मी सांगितलं, त्यानं आणखी दोघांना बोलावलं. आता शेडमधल्या फळीवर तिघांच्या काट्यांच्या पिना, मोंटेसा या आणखी एका स्पॅनिश गाडीचा सिलिंडर आणि त्याचा पिस्टन असा ऐवज जमलाय, सगळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या. मामांना फोन केला तर म्हणाले, ‘‘आण की. पण पिस्टन संगं आणायला सांग, नुसता सिलिंडर आणू नको.’’ बायकोनं बॅगेचा वजनकाटा काढून ठेवलाय. तिचं म्हणणं, जाताना तेवीस किलोंत लोखंड न्यायचं असेल तर खुशाल ने, पण येताना कांदा-लसूण मसाल्याचं वजन ती कमी करणार नाही. म्हणून सिलिंडर येतानाच्या बॅगेत कसा बसवायचा, यावर सध्या विचार चालू आहे.